बदामाची छक्की

पहिल्या वाटणीची तेरा पानं उचलून डोळ्यांसमोर धरली, तर त्यांत बदामाची पंजी होती, बदामाची सत्ती होती आणि मधली छक्की नव्हती. झालं ते एवढंच. रमी खेळणाऱ्या माणसाला याचं काही वाटू नये. पंजी आणि छक्की हातात असती तर खालून चौकी चालली असती, वरून सत्ती चालली असती. दोन दारं उघडी राहिली असती. पंजी आणि सत्तीला एकच दार. दोन कॅटांत मिळून बदामाच्या छक्क्या दोन. त्यांतली एक समोरच्याच्या हातात असू शकते, दुसरी गड्डीच्या तळाशी. शहाणा माणूस असली जोडी धरून बसत नाही, एकदोन फेऱ्यांत मोडून टाकतो. मी धरतो. गिरणीत माझी ख्यातीच आहे तशी. टाइम ऑफिसातला त्रिंबक म्हटलं तर लोक विचारतात कुठला, आणि मधल्या पानाचा त्रिंबक म्हटलं की हसून रस्ता दाखवतात.

पंचाहत्तर साल नुकतंच लागलं होतं. सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली होती आणि गिरणीला सुट्टी होती. रविवार. दरवर्षी याच सुट्टीत आमच्या करमणूक केंद्रात कॅरमच्या आणि रमीच्या स्पर्धा होतात, आणि रमीच्या शेवटच्या टेबलावर त्या दुपारी आम्ही तिघं उरलो होतो. लूमखात्यातला जॉबर कुंडलिक, स्टोअरमधले अण्णाराव आणि मी. डाव दोनला बसायचा होता, पण अण्णाराव जेवायला घरी गेले ते जेवून, वामकुक्षी करून, पान लावून पावणेतीनला आले. तोवर मी खिडकीत उभा राहून खिशातलं पोस्टकार्ड तीनदा वाचलं. आदल्या दिवशी आलेलं. माझ्या मेहुण्याचं, ईश्वरचं, सांगोल्याहून. मीनाअक्काला उमरग्याच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम लागलं आहे. राहायची सोय तिथंच आहे. रविवारी आम्ही दोघं दोन वाजेपर्यंत सोलापूरच्या स्टँडवर येऊ. उमरग्याची गाडी पाच दहाला आहे. तोवर तिथंच बसून असू. आपल्याला यावंसं वाटल्यास यावं. न आल्यास आम्ही काय ते समजू.

मीना माझी बायको. चार वर्षं झाली ती माहेरी होती.

आता कुणी विचारील, मग तू दोन वाजता स्टँडवर का नव्हतास. मीही स्वतःला ते विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं, इतकं नीटनेटकं की त्याचा मला अभिमान वाटत होता. रमीचं बक्षीस द्यायला वेल्फेअरचे साहेब यायचे. पहिल्या आलेल्याला ते शेजारी बसवून चहा देतात, घरचं दारचं विचारतात. गिरणीच्या क्वार्टरचे अर्ज त्यांच्याच टेबलावर असतात. मागच्या साली कॅरमचं बक्षीस घेणारा रिंगखात्यातला एकजण असाच चहाला बसला, बोलता बोलता जागेचा विषय निघाला, आणि चैत्रात तो बायकापोरं घेऊन क्वार्टरमध्ये राहायला गेला. माझा अर्ज चार वर्षं तिथं पडून होता. म्हणजे हिशेब असा: मी जिंकायचं, साहेबांच्या शेजारी बसायचं, विषय निघायचा, साहेबांनी हो म्हणायचं, आणि तेवढं घेऊन मी पाचच्या आत स्टँडवर जायचं. मीनाला म्हणायचं, चल, दोन खोल्या मिळाल्या. पाच पानांची सिक्वेन्स लावायला निघालो होतो आणि हातात एकसुद्धा पान नव्हतं. पण त्या दुपारी मला ते तसं दिसत नव्हतं. रिकाम्या हाताने तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं, तेही चार वर्षांनी, हे मात्र मला स्पष्ट दिसत होतं आणि त्याची भीती वाटत होती.

"टाका की त्रिंबकराव," कुंडलिक माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला. "तोंडावरनंच कळतंय, काय न्हाय हातात."

"बघू."

"बघा. म्या तर ह्यो चाललो." त्यानं पानं पालथी टाकली, वीस मांडून घेतले आणि बिडी पेटवली.

आमच्या खेळाचा नियम साधा आहे. ज्याचे एकशेएक झाले तो बाद. दुसऱ्यानं डाव लावला की तुमच्या हातातल्या न जुळलेल्या पानांचे गुण तुमच्या नावावर चढतात. पण पानं बघितल्या बघितल्या, एकही न उचलता पालथी टाकलीत, तर फक्त वीस चढतात आणि त्या डावापुरते तुम्ही सुटता. कुंडलिक हे फार सहजपणे करतो. पानं उचलतो, एक नजर फिरवतो, टाकतो. त्याच्या चेहऱ्यावर हरल्याची खूणसुद्धा नसते. गाडीला गर्दी आहे, पुढच्या गाडीनं जाऊ, एवढंच. मला ते कधी जमलं नाही. पान उचलायच्या आधीच सोडून द्यायचं म्हणजे, पुढचंच पान छक्की असलं तर? ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाईल, आणि मला कायम वाटत राहील की ते माझं होतं. त्या पहिल्या डावात मी छक्कीची वाट बघितली, अण्णारावांनी शांतपणे पानं मांडली आणि माझ्या नावावर एकतीस चढले. मीनालाही टाकायला कधी वाईट वाटायचं नाही.

तिला रमी मीच शिकवली. शुक्रवार पेठेत आमची एकच खोली. मधे दोरीवर एक चादर टाकलेली. अलीकडे मी आणि मीना, पलीकडे आई. आईची झोप अशी की रात्री आम्ही कूस बदलली तरी पलीकडून खाकरणं ऐकू यायचं. लग्नाला वर्ष झालं तरी आम्ही मोठ्यानं बोललेलो नव्हतो. दुपारपाळी नसली की जेवणं झाल्यावर आई चादरीपलीकडे आडवी व्हायची, आणि आम्ही जमिनीवर समोरासमोर बसून आवाज न करता पत्ते खेळायचो. पान ठेवायचं तेही हळूच, बोटानं दाबून. मीना पानं लावायची तेव्हा तिच्या जिभेचं टोक दातांत यायचं, आणि पानं वाईट आली की ती लगेच पालथी टाकायची, एक गुडघा उभा करून त्यावर हनुवटी टेकवायची आणि माझ्याकडे बघत बसायची. एकट्या माणसाचा डाव काय बघायचा असतो, पण ती बघायची. तिच्या बोटांना हळदीचा आणि लसणाचा वास असायचा आणि तो पानांना लागायचा. कितीतरी दिवस, ती गेल्यानंतरही, मी तो कॅट उघडून नाकाशी धरत असे. नंतर नंतर त्यांना नुसता कागदाचा वास यायला लागला.

एकदा असंच मी मधल्या पानासाठी अडून बसलो होतो. तिनं ओठ माझ्या कानाशी आणले.

"कुटलं पायजे?"

"बदामाची छक्की."

"आनि न्हाय आली तर?"

"येते."

"न्हायच आली तर?"

"येते गं. थांब की जरा."

ती हसली, तोंडावर पदर धरून, आवाज होऊ नये म्हणून. चादरीपलीकडे आई खाकरली. त्या दुपारी छक्की आली की नाही ते मला आठवत नाही. तिचा श्वास कानात गरम लागला होता तेवढं आठवतं, आणि ते आठवलं की अजूनही मी जिथं असेन तिथं क्षणभर थांबतो.

आठव्या महिन्यात ती सांगोल्याला गेली. मुलगी झाली आणि नऊ दिवस राहिली. मी गेलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. पाऊस नव्हता, विहिरीला पाणी नव्हतं, अंगणात शेळ्या वाळक्या काटक्या चघळत उभ्या होत्या. मीना भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या चोळीवर दुधाचे डाग होते. मला तिच्याजवळ बसायचं होतं, पण सगळी माणसं बघत होती, आणि मी बाजल्यावरच बसून राहिलो. निघताना दारात तिला म्हणालो, त्या खोलीत आता तुला नको, क्वार्टरचा अर्ज टाकलाय, मिळालं की न्यायला येतो, थोडं थांब. तिनं माझ्याकडे बघितलं.

"आनि न्हाय मिळालं तर?"

"मिळतंय."

"बरं," ती म्हणाली.

मला वाटलं होतं मी तिच्यावर माया करतोय. आईच्या खाकरण्यातून, त्या चादरीतून तिला सोडवतोय. पुढच्या चार वर्षांत मी पत्रं लिहिली, दिवाळीला लुगडं पाठवलं, दुष्काळात मनीऑर्डर पाठवली, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहिलं, साहेब बदललेत, यादी लागायची आहे, पाडव्यापर्यंत होईल, थोडं थांब. तिची पत्रं ईश्वरच्या अक्षरात यायची, चारपाच ओळींची. मग त्यांतलं अंतरही वाढत गेलं. दोनदा मी स्टँडपर्यंत गेलो, सांगोल्याच्या गाडीचं तिकीटसुद्धा काढलं होतं एकदा. पण काय सांगणार होतो तिथं जाऊन? एवढं एक पान येऊ दे, मग जाऊ, असं म्हणून परत फिरलो.

दुसरा डाव मी लावला. तिसऱ्यात पुन्हा अडकलो आणि एकूण अठ्ठावन्न झाले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार. आता ती दोघं कुठल्या बाकावर बसली असतील, सावलीच्या की उन्हाच्या, याचा मी विचार करत होतो. मीना बोरं घेऊन आली असणार. पौषात सांगोल्याकडची बोरं तिच्या पदराला नसतील असं झालंच नाही कधी. ती बोर खाते आणि आठळी लगेच टाकत नाही. गालात ठेवून बोलत राहते. माणूस असल्या गोष्टीसाठी झुरतो हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. चौथ्या वाटणीची पानं आली. दोन राजे, एक गुलाम, बाकी सगळी विखुरलेली, एक बारीकशी आशा किलवरच्या नव्वी आणि गुलामात, मधे दश्शी हवी. इथं टाकायला हवी होती. वीस घेऊन अठ्ठ्याहत्तर, आणि अजून एकदा सुटायची सोय शिल्लक. कुंडलिकनं माझ्याकडे बघितलं आणि यावेळी आपली पानं लावायला घेतली. मी पान उचललं.

सहाव्या फेरीला कुंडलिकनंच डाव लावला. माझे चौऱ्याऐंशी झाले.

"आता आली का पंचाईत," अण्णाराव म्हणाले. "ऐंशीच्या वर गेलात. आता टाकायची सोय नाही तुम्हाला. टाकलीत की वीस चढले, वीस चढले की घरी."

"ठाऊक आहे."

"मग मगाशी का नाही टाकली?"

अशक्त पानांचा हाच धोका असतो, ती एकदम मारत नाहीत. एखादं पान आलं की बरं वाटतं, दुसऱ्या वेळी थोडंच चढतं, आणि एक दिवस कळतं की सुटायचा रस्ता मागंच कुठंतरी संपला. पण मला त्या वेळी दुसरंच सुचलं. आता पानं पालथी टाकणं म्हणजे बाद होणं, आणि बाद होणं म्हणजे मोकळं होणं. उठून सायकल काढली तर स्टँड पंधरा मिनिटांवर. कुणी अडवणार नव्हतं. खरं तर मघापासूनही कुणी अडवलेलं नव्हतं.

पाचव्या डावात मी लावलं आणि अण्णाराव बाद झाले. उठून त्यांनी आळस दिला आणि माझ्या मागं खुर्ची घेऊन बसले. सव्वाचार. सहाव्याला कुंडलिकनं नेहमीसारखी पानं टाकली, आणि मग स्वतःशीच हसला. वीस, वीस करत त्याचे शंभर झाले होते. आता त्यालाही टाकता येत नव्हतं. आम्ही दोघंच, दोघांचीही दारं बंद, आणि हा डाव मी लावला की स्पर्धा माझी. चार पस्तीसला पानं वाटली गेली. मी ती एकेक करून उचलली. बदामाची पंजी आली. मग सत्ती आली.

दोन कॅटांत काहीही दोनदा येऊ शकतं, हे काय मला माहीत नव्हतं? पण त्या घटकेला माझी खात्री पटली की ही खूण आहे. दुपारपासून जे चाललंय ते याच पानासाठी. छक्की येणार, मी जिंकणार, साहेब येणार. फक्त हा एक डाव, पाचसात मिनिटांचा. आता उठलो तर पाचला दहा कमी असताना पोचेन, पण रिकाम्या हातानं. आणि तिनं विचारलं, जागेचं काय झालं, तर? मी पान उचललं.

तो डाव पाच मिनिटांत संपला नाही. दोघंच खेळायला असलो की गड्डी संपता संपत नाही. कुंडलिक टाकण्यात पटाईत, पण खेळायला बसला की डोक्यानं खेळणारा. माझ्या कामाचं एक पान खाली टाकेना. बाकी सगळं माझं जुळलं. जोकर आला, राण्या जुळल्या, आणि ती एकच जागा मोकळी राहिली. पान उचलायचं, बघायचं, टाकायचं. इस्पिकची दुर्री. चौकटचा राजा. माझा हात चालत होता आणि मी स्टँडवर होतो, बाकाच्या कडेला, तिच्या पायाशी ठेवलेल्या ट्रंकेकडे बघत. मला तिचे पाय दिसत होते. चेहरा आठवायला गेलो तर नुसता कपाळाचा भाग येत होता आणि दातांतलं जिभेचं टोक. चार वर्षांत तिचा चेहरा मी विसरलो की काय, या भीतीनं मी एक पान चुकून टाकणार होतो. रोज गिरणीच्या दाराशी बसून मी हेच काम करतो: भोंगा झाला की दहा मिनिटं, आणि मग जो येईल त्याच्या नावापुढं तांबड्या पेन्सिलीनं खूण. बायका पायऱ्या चढत पळत येतात, पोर आजारी होतं, नळाला पाणी नव्हतं, आणि मी घड्याळाकडे बोट दाखवतो. भोंगा झाला असता तर त्या दिवशीही मी उठलो असतो, असं मला वाटतं. पण रविवारी भोंगा नसतो. गड्ड्यावरच्या पाळण्यांचा आवाज तेवढा येत होता.

गड्डी बोटभर उरली तेव्हा छक्की आली.

मी ती उलटी करून बघितली आणि कितीतरी वेळ काही केलं नाही. अण्णारावांनी मागून माझ्या खांद्यावर थाप मारली. "लागलं की. मांडा."

कुंडलिकनं माझी पानं बघितली, मान हलवली. "आली म्हना शेवटी. लई धीर हाय तुमच्याजवळ, त्रिंबकराव. मला न्हाय जमायचं."

घड्याळात पाचला दोन कमी होती. त्याच क्षणी मी जिना उतरायला हवा होता, गर्दीतनं सायकल काढूनसुद्धा गाडी गाठली असती, एसटी कुठं मिनिटाला सुटते. पण सेक्रेटरी म्हणाले, साहेब निघालेत, पाच मिनिटांत येतात. मी खुर्चीवर बसलो. छक्की आली होती, पण ती आल्यावर आता पुढचं पान हवं होतं.

साहेब पाच वीसला आले. टाळ्या झाल्या. बक्षीस म्हणून पाच लिटरचा कुकर, खोक्यात. मग खरंच त्यांनी मला शेजारी बसवलं, चहा आला, आणि मी काही न बोलता विषयही निघाला. ते बरे गृहस्थ होते. म्हणाले, अर्ज लक्षात आहे, मागच्या लाइनीत एक जागा होतेय चैत्रात, दोन खोल्या, मोरी आत. उद्या दहाला कागद घेऊन या. मग खिशातलं पेन काढून त्यांनी पाकिटाच्या मागं माझं नाव लिहिलं आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

मी कप खाली ठेवला. खोलीत तिघंचौघं होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते, असं काही नाही, ते आपापलं बोलत होते. पण मला सांगता येईना. आई आणि मी म्हटलं तर दोन. मीना आणि मी म्हटलं तरी दोनच. मनातल्या त्या घरात आई कुठं होती हेही मी कधी ठरवलं नव्हतं. घड्याळ मला दिसत होतं.

"तीन," मी म्हणालो.

साहेबांनी तीनचा आकडा लिहिला.

कुकरचं खोकं सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलं आणि निघालो. यात्रेची माणसं रस्ताभर, काही ठिकाणी उतरून हातानं सायकल लोटावी लागली. स्टँडवर पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. उमरग्याच्या फलाटाशी गाडी नव्हती. बाकावर ईश्वर एकटा बसला होता. थोराड दिसायला लागला होता. मला बघून तो उठून उभा राहिला, वाकून पाया पडला, सवयीनं.

"आलात व्हय दाजी," तो म्हणाला.

"गाडी गेली?"

"गेली की. पाच दाची, पर पाच तीसला सुटली. अक्कानं कंडक्टरला आडवून धरलं हुतं. मानूस यायचाय म्हनली. त्यो तरी किती थांबंल."

बाकावर कागदात बोरं ठेवली होती. "तुमच्यासाटी ठेवल्याती," तो म्हणाला. मी एक उचललं आणि हातात धरून राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"क्वार्टर मिळतंय, ईश्वर. चैत्रात. दोन खोल्या आहेत. मोरी आत."

"बरं झालं," ईश्वर म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "दाजी, जागंचं अक्कानं कवाच विचारलं न्हाय. चार वर्सांत एकदा बी न्हाय. मला म्हनायची, बोलावलं तर जाईन, चादरीआड तर चादरीआड. आज बी ट्रंक वर चढवू दिली न्हाय तिनं. म्हनली, ते आले तर म्या त्यांच्या सायकलवर बसून तशीच पेठंत जानार, ट्रंक तू मागनं घिऊन ये. सुटायच्या टायमाला हमालानं वडून वर टाकली."

मी सायकलकडे बघितलं. कॅरिअरवर खोकं होतं.

सुतळी सोडायला वेळ लागला, गाठी घट्ट बसल्या होत्या. खोकं मी त्याच्या हातात देऊ केलं. "हे तिला पोचव. माझ्याकडून."

ईश्वरनं खोक्यावरचं चित्र बघितलं आणि हळूच ते बाकावर ठेवलं. "तितं पन्नास पोरींचा स्वयंपाक हाय दाजी. ह्यात काय शिजंल."

त्याची सांगोल्याची गाडी लागत होती. जाता जाता म्हणाला, सकाळी सव्वासहाला उमरग्याची एक गाडी असते, पण वसतिगृहात गडीमाणसाला आत सोडत नाहीत, बाहेर पायरीवर बसावं लागेल. नाहीतर पत्र टाका. पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात त्यानं पत्ता लिहून दिला. तो गेल्यावर मी बाकावर बसलो, ती बसली असेल त्या कडेला. खाली जमिनीवर आठळ्या पडल्या होत्या, एका जागी, पुष्कळ. पायरीवर बसावं लागेल, आणि तिनं बाहेर येऊन विचारलं, काय घेऊन आलात, तर काय सांगू? दहाला साहेबांनी बोलावलं होतं. तो कागद आधी झाला असता, तर काहीतरी हातात घेऊन जाता आलं असतं. एवढंच, एकदा सही होऊ दे. मनातल्या मनात मी पत्र लिहायला लागलो. सौभाग्यवती मीनास. जागा मिळते आहे. दोन खोल्या आहेत, मोरी आत आहे. चैत्रात ताबा मिळेल. तोवर थोडं.

पुढचा शब्द मला मनातसुद्धा लिहवेना.